वळचणीतले अकरा

फ्लोरिडातल्या अभयारण्याच्या माहिती केंद्राच्या भिंतीवर रंगवलेले एकवीस प्राणी होते आणि नेव्हा क्रूज त्यांना आठवड्यातून तीन वेळा पुसायची. आधी पँथर, कारण शाळेच्या सहलींतली पोरं त्याच्याच नाकाला चिकट हात लावायची. मग अस्वल, हरीण, पाणमांजर, मोठी खार, आणि सगळ्यांत खाली उंदरा-वटवाघळांची गर्दी. प्रत्येकाच्या नावापुढे रंगीत टिकली. लाल म्हणजे संपत आलेला, नारिंगी म्हणजे त्या वाटेवर, पिवळी म्हणजे लक्ष ठेवा, हिरवी म्हणजे काळजी नको. रकून आणि ओपोसम यांना हिरवी टिकली होती आणि त्यांना ती कळवली असावी असं त्यांचं वागणं होतं. केंद्रामागच्या कचरापेट्या रोज उपड्या. रानडुकराला टिकलीच नव्हती. तो चार-पाचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांच्या जहाजातून आलेला, म्हणजे अजून बाहेरचाच. नेव्हाच्या सासरचे लोक या भागात येऊन सव्वाशे वर्षं झाली होती, पण तो विषय या भिंतीचा नव्हता.

शेवटच्या ओळीत वटवाघळाखाली एक बटण होतं. दाबा आणि ऐका. तीन वर्षं नेव्हाने ते पुसलं होतं, दाबलं कधीच नव्हतं. कामाच्या जागेवरच्या वस्तू आपल्यासाठी नसतात, ही तिची शिस्त. एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी मात्र फडकं जरा जोरात लागलं आणि भिंतीतून आवाज आला. ओल्या बोटाने काच घासावी तसा, पण तुटक तुटक, भांडल्यासारखा.

नेव्हाचा हात थांबला.

"हे तर आमच्या छतात आहेत," ती भिंतीलाच म्हणाली.

मागे टेसा रेनर उभी होती. अभयारण्याची प्राणितज्ज्ञ, वय तिशीच्या आत, पायांत कायम चिखलाचे बूट. तिच्या हातातला कॉफीचा कप तोंडाच्या वाटेवर अडकला.

"मिस नेव्हा, काय म्हणालात?"

"संध्याकाळी ऐकू येतं. सासऱ्यांच्या खोलीवर. मला वाटायचं पत्रा वाजतोय."

"पत्रा असा वाजत नाही."

"तसा आता आमच्या घरावर पत्राही नाही," नेव्हा म्हणाली. "पण सवयीने वाटायचं."

टेसाने कप खाली ठेवला. त्या वटवाघळाचे कान डोळ्यांवर पुढे आलेले, शेतावर जाणाऱ्या जुन्या बायकांच्या टोपड्यासारखे, म्हणून त्याला टोपडेवालं म्हणत. टिकली लाल. जगात फक्त फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला उरलेलं. त्याचं एखादं घर सापडावं म्हणून टेसा दोन वर्षं रात्री-बेरात्री दलदलीत आवाज टिपायची यंत्रं टांगत फिरत होती, आणि ते तिच्या कार्यालयाची फरशी पुसणाऱ्या बाईच्या छतात निघालं.

"आज संध्याकाळी येऊ का?" तिने विचारलं. इतक्या आर्जवाने नेव्हाला बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. ती हो म्हणून बसली.

*

क्रूजांच्या घराचं दक्षिणेकडचं पाखं गेल्या ऑक्टोबरच्या वादळाने उचललं आणि शेजाऱ्याच्या तळ्यात नेऊन ठेवलं. ते तिथे अजूनही होतं. त्यावर कासवं ऊन खात. घरावर सरकारी निळी ताडपत्री होती, कडांना जुने टायर बांधलेले. ताडपत्रीखाली जुन्या पाइनच्या फळ्यांची तक्तपोशी, आणि तिच्याखाली अ‍ॅल्व्हा क्रूज, वय चौऱ्याऐंशी, फुप्फुसं निम्मी. उशाशी प्राणवायूचं यंत्र दिवसभर घुरघुरत असे. हिवाळ्यातल्या चार सरींनी खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी चढली होती. नेव्हा ती दर रविवारी ब्लीचने पुसायची आणि बुधवारपर्यंत ती परत यायची.

जिल्ह्याच्या आरोग्य खात्याच्या परिचारिका मिसेस लॅशली मार्चमध्ये येऊन ती बुरशी पाहून गेल्या होत्या. बाई वाईट नव्हती. तिच्याकडे फॉर्म होता आणि फॉर्ममध्ये अ‍ॅल्व्हासाठी तीन चौकोन होते: सुरक्षित, धोक्यात, हलवावे. तिने मधल्यावर खूण केली.

"मेच्या पहिल्या सोमवारी परत येईन," ती म्हणाली होती. "खोली कोरडी दिसली तर ठीक. नाहीतर वृद्धाश्रमात खाट रिकामी आहे. या छातीला हा पावसाळा इथे झेपणार नाही."

"कुठे आहे ती खाट?" अ‍ॅल्व्हाने विचारलं होतं.

"गावात, अ‍ॅल्व्हाकाका. खिडकीजवळ आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

बाईने आठवून पाहिलं. "गाड्या लावायची जागा."

त्या रात्री अ‍ॅल्व्हा जेवला नव्हता. तेव्हा हॉइट, त्याचा मुलगा, नेव्हाचा नवरा, चर्चमध्ये गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मदतीसाठी हात वर केला. हॉइट परक्यांच्या गुरांवर रोजाने जाणारा गडी. डाव्या खांद्यावर वळू पडल्यापासून तो हात कानाच्या वर जात नसे. तरी तोच हात वर गेला. चर्चचे लोक वादळात उडालेली घरं एकेक करून शाकारून देत होते. ब्रदर टॅल्मेजने, म्हणजे पाद्रीबाबाने, वही पाहिली आणि मेचा पहिला शनिवार दिला. त्यानंतर मंडळी उत्तरेकडच्या गावांत जाणार होती, ती नोव्हेंबरात परतणार. म्हणजे शनिवारी पत्रा आणि सोमवारी लॅशलीबाई. सगळं जमून आलं होतं.

मग नेव्हाने बटण दाबलं.

*

टेसा खुर्ची, यंत्र आणि दुर्बीण घेऊन अंगणात बसली. दिवस मावळल्यावर वळचणीच्या एका फटीतून काहीतरी सांडलं, पडता पडता सावरलं आणि ओकच्या झाडावरून निघून गेलं. मग दुसरं.

"अकरा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मिस नेव्हा, अकरा आहेत."

"मला काही ऐकू येत नाही," हॉइट म्हणाला. ट्रॅक्टरने त्याचे कान कधीच खाल्ले होते.

"आणि आत पिल्लं असणार. एका मादीला एका वेळी एकच होतं. सहा-सात आठवडे त्याला उडता येत नाही."

"शनिवारी आमचं छप्पर आहे," नेव्हा म्हणाली.

टेसाचा चेहरा हळूहळू बदलला. बराच वेळ ती यंत्राची वायर गुंडाळत राहिली, जेवढी होती त्यापेक्षा जास्त वेळ.

"छताला हात लावता येणार नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तर नाहीच. त्यानंतरही परवानगी लागेल."

"ऑगस्टपर्यंत इथे काय पाऊस पडतो, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. मिस्टर अ‍ॅल्व्हांना दुसऱ्या खोलीत नाही का हलवता येणार?"

"येईल की," हॉइट म्हणाला. "ती खोली आत्ता तुम्ही बसलाय तिथे होती. वादळाने नेली."

टेसाने खुर्ची थोडी सरकवली. जाताना तिने दरवाजाजवळच्या खांबावर नारिंगी कागद ठोकला. संरक्षित प्राण्याचे वसतिस्थान, छेडछाड केल्यास दंड व कैद. चारही कोपऱ्यांना चार खिळे, एकही वाकडा नाही. तिला हातोडी चांगली धरता येत होती, हे हॉइटने कबूल केलं.

*

गुरुवारी सकाळी नेव्हाने ब्रदर टॅल्मेजला कागदाचं सांगितलं. तो चर्चच्या मागे पत्रे ट्रकवर चढवत होता. गुडघे मोडके, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"वटवाघूळ," तो म्हणाला.

"टोपडेवालं."

"किती?"

"अकरा."

त्याने हातमोजे काढले. "नेव्हाताई, कायद्याविरुद्ध शिडी लावायला मी चौदा माणसांना सांगू शकत नाही. त्यातले दोघे आधीच जामिनावर आहेत. शनिवारी आम्ही येऊ. कागद असेल तर जेवू आणि परत जाऊ. जेवण तेवढं होईलच, बायकांनी तयारी करून ठेवलीय."

घरी हॉइट पायरीवर बसला होता. त्याच्यासमोर दोन बादल्या आणि जुन्या पाइनच्या बुंध्याच्या ढलप्या. राळ मुरलेलं ते लाकूड काडी दाखवताच रॉकेल ओतल्यासारखं पेटतं, आणि वर पामेट्टोचा, म्हणजे बुटक्या ताडाचा, ओला पाला टाकला की काळा, दाट, चिकट धूर येतो. क्रूज लोक मेपासून गुरांना त्याचीच धुरी द्यायचे. डासांनी गाईंचे श्वास कोंडू लागले की गुरं आपल्या पायांनी चालत येऊन धुरात उभी राहत. या घरात कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय धुरी हाच होता.

"तू मनाशी ठरवून बसलायस," नेव्हा म्हणाली.

"उजेडीच धुरी दिली की निघून जातील. एकदा धुराला विटलं की जनावर परत येत नाही. उद्या ती पोरगी येईल, बघेल, नाहीत म्हणेल. नाहीत त्याला कागद कशाला?"

"आणि पिल्लं?"

"आया नेतील."

"नेतात?"

"मांजर नाही नेत?"

नेव्हाने बादलीकडे पाहिलं. टेसाने काय सांगितलं ते तिला शब्दन्‌ शब्द आठवत होतं. आत अ‍ॅल्व्हा खोकत होता. खोकून झाल्यावर यंत्राची घुरघुर ऐकू येई, आणि मग पुन्हा खोकला. गाड्या लावायची जागा. हा माणूस बावन्न वर्षं घोड्यावर बसला होता.

"मी पाला तोडून आणते," ती म्हणाली.

अ‍ॅल्व्हाची खाट त्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ओकखाली नेली. यंत्राची वायर पुरेना, म्हणून छोटा सिलिंडर लावून दिला. खाट नेताना म्हातारा विचारत होता, काय चाललंय. हॉइट म्हणाला, डास. म्हातारा म्हणाला, डास तर इथे बाहेर आहेत.

चार वाजता बादल्या पेटल्या. हॉइट शिडीवर, एका हाताने गोठ्यातला पंखा वळचणीशी धरून. दुसरा हात तेवढा वर जातच नव्हता, म्हणून नेव्हा खाली त्याची शिडी मांडीने दाबून उभी आणि दोन्ही हातांनी पाला टाकत होती. धूर फटीत शिरला. थोडा वेळ काहीच नाही. मग तक्तपोशीवर खरखर सुरू झाली, आणि तो आवाज, भिंतीतल्या बटणाचा, पण आता कुणी बोट काढत नसल्यासारखा सलग.

पहिलं बाहेर पडलं ते उन्हात आंधळं होऊन खांबावर आपटलं, उठलं, गेलं. मग एकामागून एक. एक तळ्याच्या दिशेने जाताना ससाण्याने वरच्यावर उचललं. नेव्हा मोजत होती. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होती. अकरा बाहेर आली. एकाच्याही पोटाशी काही नव्हतं.

"झालं," हॉइट वरून म्हणाला. चेहरा काजळीने काळा, डोळे लाल. "ऐकू येतंय का काही?"

आत बारीक आवाज चालू होता. पातळ, चार-पाच ठिकाणांहून.

"तुला येतंय?" तिने विचारलं.

"मला कुठलं येतंय. म्हणून तर तुला विचारतोय."

"नाही," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी जेवणाची ताटं धुताना तिच्या लक्षात आलं की तो आवाज थांबलाय.

*

टेसा संध्याकाळी आली. खुर्चीवर बसली. आभाळ निळं झालं, मग जांभळं, मग काळं. यंत्रावरची रेघ सरळच राहिली. तिने टॉर्च लावला. वळचणीच्या फळ्या कोळशासारख्या झाल्या होत्या.

"काय जाळलंत?"

"डासांसाठी," हॉइट म्हणाला.

"छताच्या आत?"

"या वर्षी वर फार आहेत."

टेसा म्हणाली, "मला हे लिहावं लागेल. चौकशीला कोणी येईल की नाही, मला माहीत नाही. चौकशीचा माणूस एक आहे आणि जिल्हे तीन." ती खांबापाशी गेली आणि पकडीने एकेक खिळा उपटू लागली. "कागद प्राण्यासाठी असतो. प्राणी नाही, तर तुम्ही मोकळे."

नेव्हा तिच्या हातातून खिळे घेत होती.

"तुम्ही सांगितलंत म्हणून मला कळलं होतं, मिस नेव्हा."

"हो. चूक झाली."

"कोणती?" टेसाने विचारलं.

नेव्हाने चहा घेणार का म्हणून विचारलं. टेसा नको म्हणाली.

*

शनिवारी सहा वाजताच चौदा माणसं, तीन ट्रक आणि सात बायका आल्या. बायकांनी पातेली मांडली. कोंबडीचा पुलाव, पामच्या गाभ्याची भाजी, पेरूची जेली. ताडपत्री खाली आली. माणसांनी सडकी फळी उचकटली आणि सगळ्यांचे हातोडे एकदम बंद पडले.

ब्रदर टॅल्मेज मोडक्या गुडघ्यांनी शिडी चढला. फळीखाली चार होती. उघडी, गुलाबी-राखाडी, अंगठ्याएवढी, वाशाला नखांनी घट्ट धरून. दोन एकमेकांच्या अंगावर. सुटी करायला गेलं तर नखं लाकडातून निघेनात. त्याने टोपी काढली, मग काय करावं न कळून परत घातली. खाली पाहिलं तर नेव्हा अंगणात उभी होती. त्याने काही विचारलं नाही. नेव्हाला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने चारही स्क्रूच्या रिकाम्या खोक्यात घालून खोका शिडीवरून खाली दिला, आणि तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात जात तिच्यापर्यंत आला. देताना कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही.

"चला," पाद्रीबाबा वरून म्हणाला. "दुपारच्या आत पाखं झाकायचंय."

जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्याने पत्रे, स्क्रू, हवा आणि स्वयंपाक या सगळ्यांचे आभार मानले. प्रार्थना नेहमीपेक्षा छोटी होती. पुलाव चांगला झाला होता. बायकांनी नेव्हाला दोनदा वाढलं आणि दोनदा तिने संपवला.

खोका तिने तळ्याच्या काठी पुरला. संध्याकाळी नवा पत्रा असा चमकत होता की रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू होत होत्या. गुरुवारपासून ओसरीत ठेवलेली अ‍ॅल्व्हाची खाट परत आत आली. ओसरीत त्याला डासांनी फोडून काढलं होतं.

*

गुरांना धुरी अंगणात देतात. धूर उठतो, जातो. घरात दिलेला धूर कुठे जातो याचा विचार क्रूजांच्या चार पिढ्यांत कुणाला करावा लागला नव्हता. तो लाकडात गेला होता. रविवारी ऊन चढलं, नवा पत्रा तव्यासारखा तापला आणि तक्तपोशीने राळेचा तो काळा वास हळूहळू खाली सोडायला सुरुवात केली. नेव्हाने भिंती पुसल्या, चादरी उकळल्या, खिडक्या सताड उघडल्या. फडकं पिवळंच निघत राहिलं. अ‍ॅल्व्हाच्या ओठांवर निळसर झाक आली. प्राणवायूच्या यंत्राचा आकडा हॉइटने दोनदा वाढवला.

"घरात धुरी दिलीत होय," म्हातारा रात्री म्हणाला. रागाने नाही. कुणी खोगीर उलटं घातलं तर म्हणेल तसं.

"तुमच्यासाठीच, बाबा," नेव्हा म्हणाली.

"ते कळलं मला."

सोमवारी दहाला मिसेस लॅशली आल्या. अंगणातच थांबून त्यांनी छपराकडे पाहिलं, आणि त्यांना मनापासून आनंद झाला. खोलीत येऊन भिंतीला हात लावला, कोपऱ्यात ओल मोजायचं यंत्र टेकवलं. कोरडं. फॉर्मवर त्या ओळीपुढे त्यांनी ठळक खूण केली. मग अ‍ॅल्व्हाचा शर्ट वर करून छाती ऐकली. बराच वेळ. एका जागी, मग दुसऱ्या, मग पाठीला.

"घरात सिगरेट कोण ओढतं?"

"कोणी नाही," हॉइट म्हणाला.

बाईने हवा हुंगली. तक्तपोशीकडे पाहिलं, हॉइटच्या हाताच्या रेघांत अजून बसलेल्या काजळीकडे पाहिलं. नेव्हा तोंड उघडणार होती. बाईने हात वर केला. तिला जास्त जाणून घ्यायचं नव्हतं, कारण जाणलं की लिहावं लागतं.

"किती दिवसांत जाईल हा वास?"

हॉइट म्हणाला, फळ्या बदलल्या तर. फळ्या कोण बदलणार, हे त्याने म्हटलं नाही.

"आजचा ऑक्सिजन बघता मी यांना इथे ठेवून जाऊ शकत नाही, मिस्टर क्रूज. आज सही केली आणि उद्या काही झालं तर..." बाईने वाक्य सोडून दिलं आणि तिसऱ्या चौकोनावर खूण केली. हात हलका होता, पण खूण दिसत होती.

"खिडकीजवळचीच आहे ना?" अ‍ॅल्व्हाने विचारलं.

"तीच राखून ठेवलीय, अ‍ॅल्व्हाकाका."

नेव्हाने दोन शर्ट, दाढीचं सामान आणि चष्मा पिशवीत भरला. टोपी भरू का म्हणून विचारलं तर तो म्हणाला, डोक्यावरच ठेव. हॉइटने बापाला उचललं. वासरू उचलावं तसं, चांगल्या खांद्यावर भार घेऊन. पण भार घेण्याएवढा नव्हताच. अंगणातून जाताना हॉइट पायांखाली बघून चालत होता. नेव्हा मागून प्राणवायूचा सिलिंडर घेऊन, नळी ताणली जाऊ नये म्हणून त्यांच्या पावलात पाऊल टाकत.

गाडीत बसवल्यावर म्हातारा टेकला, श्वास मिळाला तेवढा घेतला आणि काचेतून वर पाहिलं. नवं छप्पर त्याने आत्ता पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याखाली तो दोन रात्री झोपला होता, पण पाहिलं आत्ताच. डोळे बारीक करून त्याने एकेक ओळ तपासली.

"सरळ बसवलाय," तो म्हणाला. "आढ्याखाली दोन बोटं फट सोडलीय ना? माझ्या बापाने सोडली होती. पत्र्याखालची गरम हवा जायला वाट लागते. नाहीतर उन्हाळ्यात घर कोंडतं."

हॉइटने पिशवी डिकीत ठेवली. ती बराच वेळ नीट बसत नव्हती.

शनिवारी दुपारी पाद्रीबाबाने हाच प्रश्न शिडीवरून विचारला होता. तेव्हा नेव्हाने हातातला स्क्रूचा खोका मागे धरून सांगितलं होतं, काही उघडं ठेवू नका, एक फटही नको. आणि चौदा माणसांनी आढ्यापासून वळचणीपर्यंत जिथे बोट जाईल तिथे फोम भरून टाकला होता.

"सोडलीय, बाबा," ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याची नळी दारात अडकणार नाही असं बघून दार लावलं.